महाधमनीचा फुगा, स्टेंट-ग्राफ्ट आणि श्रोणीचा रक्तपुरवठा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोटातल्या महाधमनीला फुगा आल्याचे कळले की घरच्यांना एकच भीती वाटते, ती तो फुटण्याची, आणि ती रास्तच आहे. पण जांघेतून स्टेंट-ग्राफ्ट (फुग्याच्या आतून बसवायची कापडी नळी) बसवायचे ठरल्यावर आणखी एक प्रश्न उभा राहतो आणि तो बहुधा कोणी विचारत नाही: कमरेखालच्या अवयवांना रक्त पुरवणाऱ्या धमन्यांचे काय होणार? बडोद्यात रावपुरा, दांडिया बाजार, प्रतापनगर या भागांतून येणाऱ्या मराठी कुटुंबांशी बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले, ते येथे घेतले आहेत. आपल्याकडे तपासणीचा अहवाल इंग्रजीत असतो, दवाखान्यातले बोलणे गुजरातीत होते आणि निर्णय घरी मराठीत घेतला जातो. या प्रवासात नेमका हाच प्रश्न मागे पडतो, म्हणून त्याची उत्तरे सविस्तर दिली आहेत.

फुगा पोटात आहे, मग श्रोणीचा संबंध कुठे येतो?

हृदयातून निघालेली महाधमनी पोटात उतरून साधारण बेंबीच्या पातळीवर दोन फांद्यांत विभागते. उजवीकडे आणि डावीकडे जाणाऱ्या या फांद्यांना कॉमन इलियॅक धमन्या म्हणतात. पुढे प्रत्येक फांदीचे पुन्हा दोन भाग होतात. एक्स्टर्नल इलियॅक सरळ मांडीकडे जाऊन पायाला रक्त देते, तर इंटर्नल इलियॅक मागे वळून श्रोणीत, म्हणजे कमरेच्या हाडांच्या खळग्यात शिरते. सीटी अँजिओग्राफीच्या, म्हणजे रंगद्रव्य टोचून केलेल्या रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनच्या, अहवालात यांचा उल्लेख अनुक्रमे सीआयए, ईआयए आणि आयआयए अशा आद्याक्षरांनी असतो. जुने डॉक्टर इंटर्नल इलियॅकला हायपोगॅस्ट्रिक असेही म्हणतात, त्यामुळे दोन नावे ऐकून गोंधळू नये.

महाधमनीचा व्यास ३ सेंटिमीटरच्या पुढे गेला की तिला फुगा आला असे मानतात. पुरुषांत तो ५.५ आणि स्त्रियांत सुमारे ५ सेंटिमीटर झाला की शस्त्रक्रियेचा विचार होतो. धमनीची भिंत कमकुवत करणारी प्रक्रिया दुभाजनाच्या रेषेवर थांबतेच असे नाही. साधारण पाचांपैकी एका रुग्णात फुगा एका किंवा दोन्ही कॉमन इलियॅक धमन्यांत उतरलेला असतो, आणि श्रोणीच्या रक्तपुरवठ्याचा प्रश्न मुख्यतः या रुग्णांपुढे येतो. ज्यांच्या कॉमन इलियॅक धमन्या निरोगी आहेत, त्यांच्यात स्टेंट-ग्राफ्टचे पाय, म्हणजे खालच्या दोन नळ्या, त्या धमन्यांतच संपतात आणि इंटर्नल इलियॅक सहसा सुरक्षित राहते.

इंटर्नल इलियॅक धमनी नेमके कशाला रक्त पुरवते?

नितंबाचे मोठे स्नायू, मूत्राशय, मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग आणि गुदाशय, पुरुषांत शिश्न, स्त्रियांत गर्भाशय व योनिमार्ग, आणि कंबरेखाली मज्जारज्जूच्या टोकाकडे जाणाऱ्या काही बारीक वाहिन्या हे सर्व तिच्या वाट्याला येते. चालताना, जिना चढताना आणि जमिनीवरून उठताना ज्या स्नायूंवर सर्वाधिक भार येतो, ते तिच्यावर अवलंबून असतात, हे विशेष लक्षात ठेवावे.

स्टेंट-ग्राफ्ट बसवताना ही धमनी बंद का होते?

स्टेंट-ग्राफ्ट म्हणजे धातूच्या जाळीवर चढवलेली कापडी नळी. ती फुग्याच्या आतून बसवली की रक्त नळीतून वाहते आणि फुग्याच्या भिंतीवरचा दाब नाहीसा होतो. त्यासाठी नळीची दोन्ही टोके निरोगी धमनीला घट्ट चिकटावी लागतात. कॉमन इलियॅक धमनीच फुगलेली असेल तर खालच्या टोकाला चिकटायला जागा उरत नाही, म्हणून नळी एक्स्टर्नल इलियॅकपर्यंत वाढवावी लागते आणि मध्येच फांदीसारख्या निघणाऱ्या इंटर्नल इलियॅकचे तोंड त्या कापडाखाली झाकले जाते.

नुसते झाकून काम भागत नाही. त्या धमनीत इतर बाजूंनी रक्त येतच राहते आणि ते उलटे वाहत फुग्यात शिरू शकते. या गळतीला एंडोलीक म्हणतात. ती टाळण्यासाठी बहुतेक वेळा धमनीत आधी धातूच्या कॉइल किंवा प्लग सोडून ती बुजवतात. ब्वेनोस आयर्स येथे हुआन पारोदी यांनी १९९० मध्ये पोटातल्या फुग्यावर जांघेतून पहिली नळी बसवली. त्यानंतरची अनेक वर्षे शल्यचिकित्सकांपुढे धमनी बुजवण्याव्यतिरिक्त फारसा सोपा मार्ग नव्हता. आज तो आहे, आणि म्हणूनच धमनी बंद करण्याचा निर्णय गृहीत न धरता त्यामागचे कारण विचारले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

एक बाजू बंद झाली तर दुसरी बाजू सांभाळून घेत नाही का?

पुष्कळदा घेते. श्रोणीत उजव्या-डाव्या धमन्यांच्या फांद्या मध्यरेषेवर एकमेकींना जोडलेल्या असतात. शिवाय आतड्याला रक्त देणारी इन्फिरियर मेसेंटेरिक धमनी, पाठीच्या मणक्यांजवळून निघणाऱ्या लंबर धमन्या आणि मांडीतल्या खोल धमनीच्या वर चढणाऱ्या फांद्या याही मदतीला येतात. आजव्याहून येणारी एक वाहिनी बंद पडली तरी शहराच्या एखाद्या भागाला दुसऱ्या टाकीतून पाणी वळवता येते, तशीच ही व्यवस्था आहे.

परंतु येथे एक गोष्ट सहसा सांगायची राहून जाते. स्टेंट-ग्राफ्ट बसवताना महाधमनीतून निघणारी इन्फिरियर मेसेंटेरिक आणि अनेक लंबर धमन्यांची तोंडे कापडाखाली जातातच. म्हणजे श्रोणीला मदत करणारे दोन मार्ग या शस्त्रक्रियेतच बंद होतात आणि उरलेल्या मार्गांवरची भिस्त वाढते. दुसऱ्या बाजूची इंटर्नल इलियॅक आधीच अरुंद असेल, मधुमेह किंवा धूम्रपान यांमुळे मांडीतली खोल धमनी आजारी असेल, किंवा पूर्वी आतड्याची शस्त्रक्रिया होऊन तिथल्या वाहिन्या कापल्या गेल्या असतील, तर 'दुसरी बाजू आहे ना' हा दिलासा पोकळ ठरू शकतो. पूर्वीच्या प्रत्येक शस्त्रक्रियेची कागदपत्रे सोबत नेण्याचा आग्रह मी याच कारणासाठी धरतो.

धमनी बंद झाल्यावर कोणते त्रास होऊ शकतात?

सर्वांत जास्त आढळणारा त्रास म्हणजे चालताना नितंबात येणारी कळ. रुग्ण शंभर-दोनशे पावले चालतो, एका बाजूचा कुल्ला जड होतो, गोळा आल्यासारखा दुखतो, आणि दोन-चार मिनिटे उभे राहिल्यावर दुखणे पूर्ण थांबते. पुन्हा चालले की तितक्याच अंतरावर ते परत येते. एक बाजू बंद केलेल्या रुग्णांपैकी साधारण चारांतील एकाला, आणि दोन्ही बाजू बंद केलेल्यांपैकी तिघांतील एकाला किंवा त्याहून अधिक जणांना हा त्रास होतो. काही महिन्यांत नवे मार्ग रुंदावतात आणि जवळपास निम्म्या रुग्णांना बराच आराम पडतो. उरलेल्यांचे दुखणे मात्र टिकून राहते. रोज सकाळी कमाटी बागेत फेऱ्या मारणारा माणूस पहिल्याच बाकावर थांबू लागतो, तेव्हा फुग्यापासून त्याचा जीव वाचला असला तरी त्याने काहीतरी गमावलेले असते, आणि वैद्यकाने ते क्षुल्लक मानू नये.

दुसरा त्रास शिश्नाला ताठरता न येण्याचा. तो नव्याने किंवा पूर्वीपेक्षा वाढून १० ते १५ टक्के पुरुषांत आढळतो. त्यावर पुढे स्वतंत्र प्रश्न आहे.

यापुढचे त्रास क्वचित होतात, पण ते गंभीर असतात. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला रक्त कमी पडून त्याचे आवरण खराब होणे हे या शस्त्रक्रियेनंतर शंभरात एखाद-दुसऱ्या रुग्णात घडते. नितंबाची त्वचा काळवंडणे, लघवी अडणे आणि सर्वांत दुर्मीळ पण सर्वांत भयंकर असा मज्जारज्जूला धक्का बसून पाय लुळे पडणे, हेही होऊ शकते. दोन्ही बाजू एकाच वेळी बंद झाल्यास यांची शक्यता वाढते. धमनी उघडी राहिली तरी हे त्रास कधीकधी होतात, कारण फुग्याच्या भिंतीवर साचलेला चोथा तारा फिरवताना सुटून श्रोणीच्या बारीक वाहिन्यांत जाऊन अडकतो. म्हणून मुख्य धमनी वाचवणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती वाचवताना हात हलका ठेवणेही महत्त्वाचे.

चालताना कुल्ल्यात दुखते, पण डॉक्टर म्हणतात की मणक्याची नस दबली आहे. खरे काय?

दोन्ही शक्य आहे, आणि या वयात दोन्ही एकत्रही असतात. माझ्याकडे असे रुग्ण आले आहेत ज्यांच्या मणक्याचा एमआरआय झाला होता, पट्टा बांधला होता, महिनोन्‌महिने शेक घेतला होता, आणि वर्षभरापूर्वी इलियॅक धमनी बुजवली होती ही गोष्ट कोणाला सांगितलीच नव्हती. फरक ओळखण्याची एक साधी खूण आहे. नस दबलेल्या माणसाला नुसते उभे राहून आराम पडत नाही, त्याला बसावे किंवा पुढे वाकावे लागते, आणि कळ बहुधा पायात खालपर्यंत उतरते. रक्त कमी पडणाऱ्याला उभ्या उभ्या आराम पडतो आणि अंतर दर वेळी साधारण तेवढेच भरते. घरी पायांची नाडी लागते म्हणून रक्तपुरवठा ठीक आहे असे समजू नये, कारण पायाची धमनी वेगळी आणि नितंबाची वेगळी.

धमनी वाचवण्याचे कोणते मार्ग आहेत?

आज सर्वाधिक वापरला जाणारा मार्ग म्हणजे फांदी असलेले इलियॅक उपकरण, ज्याला इलियॅक ब्रँच डिव्हाइस किंवा आयबीडी म्हणतात. साधी नळी सरळ असते, या नळीला मात्र एक छोटी बाजूची फांदी शिवलेली असते. जांघेतून हे उपकरण कॉमन इलियॅकमध्ये अशा बेताने उघडतात की फांदीचे तोंड इंटर्नल इलियॅकच्या तोंडाच्या थोडे वर यावे. मग दुसऱ्या जांघेतून महाधमनीच्या दुभाजनावरून तार ओलांडवून, किंवा काही वेळा दंडातून खाली उतरून, त्या फांदीत शिरतात आणि कापड चढवलेला एक लहान स्टेंट फांदीतून इंटर्नल इलियॅकमध्ये बसवतात. शेवटी वरून महाधमनीची मुख्य नळी आणून या उपकरणाशी जोडतात. त्यामुळे फुगा पूर्ण वगळला जातो आणि पाय व श्रोणी दोन्हींकडे रक्त वाहत राहते. शस्त्रक्रियेला साधारण तासभर जास्त लागतो, रंगद्रव्य व क्ष-किरणही अधिक लागतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने अशा उपकरणाला २०१६ मध्ये मान्यता दिली, युरोपात ते त्याच्या कितीतरी आधीपासून वापरात होते. दीर्घ पाठपुराव्यात या फांद्या पाच वर्षांनंतरही साधारण ९० टक्के किंवा त्याहून अधिक रुग्णांत उघड्या राहिल्याचे आढळते, आणि त्यामुळेच योग्य रचना असलेल्या रुग्णात हा पहिला पर्याय असावा, असे मी मानतो.

कॉमन इलियॅक थोडीच रुंदावलेली असेल, म्हणजे साधारण २४-२५ मिलिमीटरच्या आत, तर घंटेसारखे पसरट टोक असलेली नळी तिथेच टेकवता येते. हे सोपे, जलद आणि स्वस्त पडते. मात्र आजारी धमनीवरच नळी टेकवलेली असल्यामुळे पुढे ती धमनी आणखी रुंदावून खालच्या टोकाकडून गळती सुरू होण्याची भीती राहते. वयोवृद्ध रुग्णाला हा मार्ग मी सहज सुचवतो, साठीतल्या धडधाकट माणसाला सुचवताना विचार करतो.

तयार उपकरण रचनेत बसत नसेल तर दोन नळ्या शेजारी शेजारी बसवण्याचे सँडविच तंत्र आहे. त्यात दोन नळ्यांच्या मधल्या फटीतून गळतीचा धोका असतो. आणि काही रुग्णांत पोटाच्या खालच्या बाजूला चीर देऊन एक्स्टर्नल इलियॅकपासून इंटर्नल इलियॅकपर्यंत कृत्रिम नळीचा बायपास करतात. तो टिकाऊ असतो, पण उघडी शस्त्रक्रिया टाळण्यासाठीच आलेल्या रुग्णाला पुन्हा चीर घ्यावी लागते.

आमच्या बाबांच्या धमन्यांत फांदीचे उपकरण बसेल की नाही, हे कसे कळते?

एक मिलिमीटर जाडीच्या चकत्यांची सीटी अँजिओग्राफी संगणकावर उलगडून मापे घेतली जातात. कॉमन इलियॅकची लांबी साधारण ४ ते ५ सेंटिमीटर असावी लागते, तिच्या आत उपकरण उघडायला १६ ते १८ मिलिमीटरची मोकळी जागा हवी, एक्स्टर्नल इलियॅक सुमारे ७ मिलिमीटर असावी आणि इंटर्नल इलियॅकमध्ये स्टेंट टेकायला निरोगी तुकडा हवा. प्रत्येक कंपनीची मापे थोडी वेगळी असतात. धमनी फार नागमोडी असेल, तिच्या तोंडाशी चुन्याचा (कॅल्शियमचा) जाड थर असेल किंवा फुग्यात गोठलेल्या रक्ताने आतली वाट अरुंद झालेली असेल, तर अडचण येते. इंटर्नल इलियॅक स्वतःच फुगलेली असेल तर स्टेंट आणखी खोल, नितंबाकडे जाणाऱ्या सुपीरियर ग्लुटियल फांदीत टेकवावा लागतो. ते करता येते, पण कौशल्य अधिक लागते.

सीटीची नुसती छापील फिल्म या मापांसाठी पुरत नाही. तपासणी केंद्राकडून पूर्ण सीडी किंवा डिजिटल प्रत मागून घ्यावी, आणि दुसरे मत घ्यायला अहमदाबाद, मुंबई किंवा पुण्याला जाताना तीच न्यावी.

दोन्ही बाजूंना फुगा असेल तर?

किमान एका बाजूची इंटर्नल इलियॅक चालू ठेवावी, हे अमेरिकी व युरोपीय रक्तवाहिनी शल्यचिकित्सकांच्या संस्थांच्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे. रचना जुळत असेल तर दोन्हीकडे फांदीची उपकरणे बसवता येतात. तसे शक्य नसेल तर सामान्यतः ज्या बाजूची धमनी निरोगी आणि रुंद, ती वाचवून दुसरी बंद करतात. दोन्ही बंद करण्यावाचून गत्यंतरच नसेल तर दोन टप्प्यांत, किमान एक-दोन आठवड्यांचे अंतर ठेवून करावे, म्हणजे पर्यायी मार्गांना रुंदावायला अवधी मिळतो. कॉमन इलियॅकचा फुगा साधारण ३.५ ते ४ सेंटिमीटर झाल्यावर स्वतंत्रपणे उपचाराचा ठरतो. दुसऱ्या बाजूचा फुगा लहान असेल तर त्याला आज हातही न लावण्याचा पर्याय विचारात घेता येतो.

कधी धमनी बंद करणेच योग्य असते?

फुगा फुटलेला असेल तेव्हा. त्या वेळी मिनिटांचा हिशेब असतो आणि जीव वाचवणे हेच काम असते. श्रोणीसाठी अर्धा तास जास्त घेणे तेव्हा अक्षम्य ठरेल.

याखेरीज, मूत्रपिंडे इतकी दुबळी असतील की जास्त रंगद्रव्य झेपणार नाही, रुग्ण आधीच अंथरुणाला खिळलेला असेल, किंवा धमनी चुन्याने जवळपास बुजलेलीच असेल, तर एका बाजूची धमनी विचारपूर्वक बंद करणे चूक नाही. मात्र बंद करतानाही पद्धत महत्त्वाची. कॉइल किंवा प्लग धमनीच्या मुख्य खोडातच, तिच्या पुढच्या फांद्या फुटण्याआधी ठेवला तर त्या फांद्यांचे आपसातले जोड शाबूत राहतात आणि दुसऱ्या बाजूचे रक्त त्यांतून पोहोचते. कॉइल खोल फांद्यांत पसरल्या तर हा मार्गच तुटतो. प्लग वापरलेल्या रुग्णांत नितंबाचे दुखणे कमी आढळण्यामागेही बहुधा हेच कारण आहे, कारण प्लग नेमका एका जागी बसतो.

वडिलांना लैंगिक आयुष्याबद्दल विचारायला संकोच वाटतो. आम्ही मुलांनी विचारावे का?

मुलांनी विचारण्यापेक्षा, मुलांनी पाच मिनिटे खोलीबाहेर थांबावे. आपल्याकडे वडिलांसोबत मुलगा, सून आणि कधी जावईही तपासणीच्या खोलीत येतात. ते प्रेमापोटी येतात, पण त्यांच्यासमोर सत्तरीतले गृहस्थ या विषयावर एक शब्दही काढत नाहीत, आणि डॉक्टरही 'या वयात काय विचारायचे' असे समजून पुढे जातात. मग शस्त्रक्रियेनंतर त्रास झाला तर तो माणूस एकटाच सोसत राहतो. हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे आणि मला ते फार खुपते. पती-पत्नींनी हवे तर एकत्र बसावे, पण रुग्णाला बोलायला एकांत मिळालाच पाहिजे.

शस्त्रक्रियेपूर्वीची स्थिती नोंदवणे गरजेचे असते, कारण वय, मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्या आणि तंबाखू यांमुळे अनेकांना हा त्रास आधीपासून असतो. आधीची नोंद असेल तरच नंतर काय बदलले ते कळते. नंतर औषधे घेता येतात, परंतु हृदयविकारासाठी जिभेखाली ठेवायची किंवा रोजची नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने सिल्डेनाफिलसारखे ताठरतेचे औषध स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नये. दोन्ही औषधे एकत्र झाली तर रक्तदाब जीवघेणा घसरू शकतो.

आईला फुगा आहे. स्त्रियांसाठी काही वेगळे असते का?

स्त्रियांत हा आजार कमी आढळतो, पण फुगा लहान असतानाच फुटण्याची प्रवृत्ती अधिक असते. त्यांच्या इलियॅक धमन्या अरुंद असल्यामुळे उपकरण जांघेतून वर नेणे कठीण जाते. नितंबाचे दुखणे, आतड्याचे आणि मूत्राशयाचे धोके त्यांनाही तितकेच लागू आहेत, त्यामुळे धमनी वाचवण्याचा आग्रह त्यांच्यासाठीही तेवढाच असावा.

मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेले असेल तर?

हे पहिल्याच भेटीत सांगावे. प्रत्यारोपित मूत्रपिंड ओटीपोटात बसवतात आणि त्याची धमनी इलियॅक धमन्यांपैकीच एकीला जोडलेली असते. कोणत्या बाजूला आणि कोणत्या धमनीला, हे शस्त्रक्रियेच्या कागदावर लिहिलेले असते. त्या बाजूची इंटर्नल इलियॅक झाकली गेली आणि मूत्रपिंड तिलाच जोडलेले असले, तर मूत्रपिंड गमवावे लागेल.

त्यापेक्षा पोट उघडून शस्त्रक्रिया केलेली बरी नाही का?

काही रुग्णांत बरी. तरुण, हृदय-फुप्फुसे चांगली आणि धमन्यांची रचना उपकरणाला प्रतिकूल, अशा माणसात उघड्या शस्त्रक्रियेत किमान एका इंटर्नल इलियॅकला नळी जोडून देता येते आणि पुढे दरवर्षीच्या तपासण्यांचा ससेमिरा कमी होतो. पण सुरुवातीचा धोका अधिक असतो. ब्रिटनमधील ईव्हार-१ या तुलनात्मक चाचणीत ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण स्टेंट-ग्राफ्टच्या गटात १.७ टक्के आणि उघड्या शस्त्रक्रियेच्या गटात ४.७ टक्के होते. हृदयविकार असलेल्या सत्तरीच्या रुग्णासाठी हा फरक लहान नाही.

खर्च किती वाढतो आणि तो योजनेत बसतो का?

फांदीच्या उपकरणामुळे साध्या स्टेंट-ग्राफ्टपेक्षा खर्च काही लाखांनी वाढतो, आणि ते मापानुसार आधी मागवावे लागते. ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असले तरी, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते आणि त्यासाठी वय वंदना कार्ड काढावे लागते. रुग्णालय त्या योजनेत आहे का आणि मंजूर पॅकेजमध्ये फांदीचे उपकरण धरले आहे का, हे तारीख ठरण्याआधी लेखी विचारावे. खाजगी विम्याच्या पूर्वपरवानगीच्या अर्जातही उपकरणाचा स्वतंत्र उल्लेख असावा. खर्चामुळे धमनी बंद करण्याचा निर्णय घ्यावा लागला तर ती लाज वाटण्यासारखी गोष्ट नाही, परंतु तो निर्णय कुटुंबाने समजून घेतलेला असावा, नंतर कळलेला नसावा.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांत कशाकडे लक्ष ठेवावे?

पायात मुंग्या किंवा अशक्तपणा, नितंबावर निळसर-काळा डाग, लघवी न होणे, आणि विशेषतः पहिल्या दोन-तीन दिवसांत रक्तमिश्रित पातळ शौच किंवा पोटाच्या डाव्या-खालच्या बाजूला दुखणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळच्या फेरीची वाट न पाहता लगेच नर्सला सांगावे. रक्तमिश्रित शौचाला 'जेवण बदलल्यामुळे पोट बिघडले' असे समजून घरचे औषध देण्याचा मोह आवरावा. रक्तदाब खाली जाऊ न देणे हा श्रोणी आणि मज्जारज्जू सांभाळण्याचा सर्वांत साधा उपाय आहे, म्हणून रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या त्या दिवसांत डॉक्टरांना विचारूनच द्याव्यात.

पुढे तपासण्या किती दिवस कराव्या लागतात?

आयुष्यभर. पहिली सीटी साधारण महिन्याने, नंतर वर्षाने, आणि सर्व ठीक असेल तर पुढे बहुतेक वेळा सोनोग्राफीवर भागते. फांदीचे उपकरण बसवले असल्यास ती फांदी उघडी आहे का, याचा अहवालात वेगळा उल्लेख मागावा. फक्त 'फुग्यात गळती नाही' एवढ्यावर समाधान मानू नये. ॲस्पिरिन आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) दात काढायचा म्हणून किंवा कोणी सांगितले म्हणून परस्पर थांबवू नयेत. तंबाखू, मग ती विडीतली असो, मसाल्यातली असो की मिश्रीतली, सुटलीच पाहिजे.

दरवर्षी पावागडला जाण्याचा नेम आहे. पुन्हा चढता येईल का?

दोन्ही किंवा एक इंटर्नल इलियॅक चांगली चालू असेल आणि हृदयाची परवानगी असेल, तर जांघेची जखम भरल्यावर हळूहळू चढ-उतार करायला हरकत नसते. एक बाजू बंद असेल तर आधी सपाटीवर तयारी करावी. लहेरीपुरा दरवाजापासून मांडवीकडे चालू लागावे, दुखणे बरेच वाढेपर्यंत चालावे, पूर्ण थांबेपर्यंत उभे राहावे आणि पुन्हा चालावे. असे अर्धा तास, आठवड्यातून किमान तीन दिवस, सलग तीन महिने केले तर बहुतेकांचे अंतर वाढते, कारण स्नायूंना रक्ताची गरज भासली की बारीक वाहिन्या रुंदावतात. दर आठवड्याला कोणत्या दुकानापाशी थांबावे लागले ते वहीत लिहून ठेवावे आणि ती वही तपासणीला आणावी. डॉक्टरांना त्या वहीतून जेवढे कळते तेवढे पुष्कळदा सीटीतूनही कळत नाही. रोपवेने वर गेले तरी मंदिरापर्यंत पायऱ्या उरतातच, तेव्हा पहिल्या वर्षी त्या मध्ये मध्ये बसत, सोबतीला कोणीतरी घेऊन चढाव्यात.